काबो डेल्गाडो: एक प्रांत, तीन फौजा, तीन हिशेब

९ जुलै २०२१ रोजी रवांडाने १,००० जणांची तुकडी (७०० सैनिक, ३०० पोलीस) मोझांबिकच्या उत्तर टोकाच्या काबो डेल्गाडो प्रांतात पाठवायला सुरुवात केली. आठवड्याभरात, १५ जुलैला, दक्षिण आफ्रिकी विकास समुदायाची, म्हणजे सादेकची, लष्करी मोहीम सुरू झाली. तिचं लघुनाम सामिम. नोव्हेंबरात युरोपीय संघाची प्रशिक्षण मोहीम आली. शत्रू तिघांचा एकच होता: या प्रांतातले इस्लामी बंडखोर. खर्च मात्र तीन वेगळ्या खिशांतून होत होता आणि अहवाल वेगवेगळ्या राजधान्यांना जात होते.

आफ्रिकेत दहशतवादाविरुद्ध आंतरराष्ट्रीय सहकार्याचे जेवढे प्रकार वापरले जातात, ते जवळपास सगळे या एका प्रांतात वापरून झाले आहेत: भाडोत्री सैनिक, दोन देशांतला थेट करार, प्रादेशिक फौज, पाश्चात्त्य प्रशिक्षक, आर्थिक निर्बंध, गस्ती नौका. कोणती फौज कुठे बसणार हे धोका कुठे आहे यापेक्षा खर्च कोण उचलतो यावर जास्त ठरलं, आणि बंडखोरांनी नेमक्या त्याच वाटणीच्या सीमा वापरल्या. पुढचं सगळं वाचताना हे लक्षात ठेवावं.

प्रांत आणि दुखणं

काबो डेल्गाडोचं क्षेत्रफळ सुमारे ८२ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे विदर्भापेक्षा थोडं कमी. २०१७ च्या जनगणनेत लोकसंख्या २३ लाखांच्या आसपास होती. विदर्भात याच्या दहापट माणसं राहतात. राजधानी पेंबा दक्षिणेला, टांझानियाची सीमा असलेली रोवुमा नदी उत्तरेला. उत्तरेकडे जाणारा भरवशाचा रस्ता एकच, एन-३८०, माकोमिया आणि आवासेवरून. डिसेंबर ते एप्रिलच्या पावसात मेसालो नदीला पूर आला की तोही तुटतो. लष्करी योजनेत ही एवढी गोष्ट विसरली तर बाकी सगळं कागदावर राहतं.

किनाऱ्यावर मुख्यतः म्वानी लोक, मुस्लिम, मासेमारी आणि व्यापार करणारे. मुएदाच्या पठारावर माकोंदे, बहुतांश ख्रिस्ती. पोर्तुगीजांविरुद्धच्या सशस्त्र लढ्याचा तो कणा होता, त्यामुळे माजी सैनिकांची पेन्शन आणि सत्तेतला वाटाही तिकडेच. दक्षिणेला आणि आत माकुआ. २००९ मध्ये मोंतेपुएझजवळ माणकं सापडली. २०१७ च्या सुरुवातीला तिथल्या हजारो हातखाणकामगारांना पोलिसांनी हुसकून लावलं. २०१० पासून समुद्राखाली नैसर्गिक वायूचे प्रचंड साठे सापडत गेले आणि पाल्मा तालुक्यातल्या आफुंगी द्वीपकल्पावर प्रकल्पासाठी गावं हलवली गेली. दरम्यान पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून आलेल्या कट्टर प्रचारकांभोवती तरुणांचे गट जमत होते. स्थानिक मुस्लिम नेत्यांनी सरकारला वेळीच सावध केलं होतं. ५ ऑक्टोबर २०१७ रोजी सुमारे ३० जणांनी मोसिंबोआ दा प्राइया या बंदराच्या गावातल्या पोलीस ठाण्यांवर हल्ला केला. लोक त्यांना अल-शबाब म्हणतात. सोमालियातल्या त्याच नावाच्या संघटनेची ही शाखा नव्हे. जून २०१९ पासून इस्लामिक स्टेट त्यांच्या हल्ल्यांची जबाबदारी घेऊ लागली.

या वायूत भारताचाही पैसा अडकला आहे. आफुंगीच्या प्रकल्पात फ्रेंच कंपनी टोटलएनर्जीजचा (पूर्वीची टोटल) वाटा २६.५ टक्के, तर ओएनजीसी विदेश १६, भारत पेट्रोलियमची उपकंपनी १० आणि ऑइल इंडिया ४, मिळून ३० टक्के. यातला १० टक्के वाटा आधी व्हिडिओकॉनचा होता. तो ओएनजीसी विदेश आणि ऑइल इंडियाने २.४७५ अब्ज डॉलरला विकत घेतला. मुंबईतल्या एका सरकारी तेल कंपनीच्या ताळेबंदात पाल्मा तालुक्याची सुरक्षा येते ती अशी.

वाया गेलेली चार वर्षं

देशाची राजधानी मापुतोतलं सरकार सुरुवातीला या प्रकाराला गुन्हेगारी टोळ्यांचा उपद्रव म्हणत राहिलं. शेजाऱ्यांना बोलावलं तर सार्वभौमत्वाचा प्रश्न येतो, शिवाय सैन्याची अवस्था उघडी पडते. म्हणून आधी भाडोत्री सैनिक आले. सप्टेंबर २०१९ मध्ये रशियाचा वॅग्नर गट, दोनशेच्या आत माणसं. घनदाट झाडी, स्थानिक भाषा येत नाही, मोझांबिकच्या सैन्याशी पटत नाही; काही महिन्यांत माणसं गमावून ते मागे गेले. एप्रिल २०२० पासून वर्षभर दक्षिण आफ्रिकेतल्या डाइक ॲडव्हायझरी ग्रुपची हलकी हेलिकॉप्टरं. त्यांचा करार पोलिसांशी होता, सैन्याशी नव्हता. हवेतून हल्ला झाल्यावर जमिनीवर जागा धरून ठेवायला मागून कुणीच येत नसे. या कंपनीने नागरिकांवरही गोळीबार केल्याचा आरोप ॲम्नेस्टी इंटरनॅशनलने मार्च २०२१ मध्ये केला. कंपनीने चौकशी करू असं सांगितलं.

ऑगस्ट २०२० मध्ये मोसिंबोआचं बंदर पडलं आणि वर्षभर बंडखोरांकडे राहिलं. इथे एक कटू गंमत आहे. २०१३-१४ मध्ये मोझांबिकच्या तीन सरकारी कंपन्यांनी किनारा संरक्षण आणि टूना मासेमारीच्या नावाखाली सुमारे २ अब्ज डॉलरची कर्जं काढली होती, त्यातली मोठी रक्कम संसदेला न सांगता. २०१६ मध्ये ते बाहेर आलं, नाणेनिधी आणि देणगीदार देशांनी थेट अर्थसंकल्पी मदत थांबवली. म्हणजे किनाऱ्याच्या रक्षणासाठी घेतलेलं कर्जच देशाची तिजोरी कोरडी करून गेलं, आणि बंदर वाचवायची वेळ आली तेव्हा उपयोगी पडेल असं आरमार नव्हतं.

पाल्मा

२४ मार्च २०२१ रोजी पाल्मा गावावर हल्ला झाला. टोटल आणि सरकार यांच्यातल्या करारानुसार सुमारे ८०० सुरक्षा कर्मचारी आफुंगीच्या कुंपणाआड तैनात होते, आणि त्यांचा भत्ता प्रकल्पाकडून येत होता. गावात मात्र पुरेसं बळ नव्हतं. ठेकेदारांची माणसं आणि स्थानिक लोक अमारूला हॉटेलात अडकले. २६ मार्चला गाड्यांचा ताफा करून निघालेल्यांवर वाटेत दबा धरून हल्ला झाला. हलकी हेलिकॉप्टरं एका फेरीत मोजकीच माणसं उचलू शकत होती आणि इंधनासाठी लांब जावं लागत होतं. टोटलने सगळी माणसं काढून घेतली आणि २६ एप्रिलला अपरिहार्य आपत्तीचं कलम लावून सुमारे २० अब्ज डॉलरचा प्रकल्प थांबवला.

करारात संरक्षणाची व्याख्या कुंपणापर्यंतच होती. कुंपणाबाहेरचं गाव पडलं की कुंपणाआडचा प्रकल्पही बंद पडतो, हे करार लिहिणाऱ्यांनी धरलंच नव्हतं. कामगार गावात राहतात, अन्न गावातून येतं, बातमीही गावातूनच मिळते.

तीन फौजा, तीन हिशेब

पाल्मानंतर दारं उघडली. सादेकच्या तांत्रिक पथकाने एप्रिल २०२१ मध्ये पाहणी करून २,९१६ सैनिकांची फौज सुचवली, सोबत पाणबुडी, गस्ती जहाजं आणि विमानंही. २३ जूनच्या मापुतो शिखर परिषदेत मंजुरी मिळाली. कायदेशीर आधार होता सादेकचा २००३ चा परस्पर संरक्षण करार. सुरक्षा परिषदेचा जनादेश घेतलेला नव्हता. याचा परिणाम पुढे पैशात दिसला. सोमालियातल्या आफ्रिकी संघाच्या मोहिमेला संयुक्त राष्ट्रांकडून रसद मिळत आली आहे. सामिमला तसं काही नव्हतं. सदस्य देशांची वर्गणी आणि ज्याने सैन्य पाठवलं त्याचा स्वतःचा खर्च, यावरच ती चालली. (डिसेंबर २०२३ चा सुरक्षा परिषदेचा ठराव २७१९ आफ्रिकी संघाच्या मोहिमांचा ७५ टक्क्यांपर्यंतचा खर्च प्रकरणागणिक उचलायची सोय करतो. सादेकची स्वतंत्र मोहीम त्यात आपोआप बसत नाही.)

दक्षिण आफ्रिकेने पहिल्या तीन महिन्यांसाठी १,४९५ सैनिक आणि ९८ कोटी ४० लाख रँड मंजूर केले. प्रत्यक्ष संख्या हळूहळू चढली. बोट्सवाना, लेसोथो आणि टांझानियाच्या तुकड्या आल्या, अंगोलाने मालवाहू विमान दिलं. एकूण बळ २,००० च्या आसपास पोचलं. सुचवलेल्या संख्येपर्यंत ते कधीच गेलं नाही, आणि पाहणी पथकाने मागितलेली हवाई व सागरी साधनं तर फारच थोडी आली. दक्षिण आफ्रिकेच्या हवाई दलाची बरीच हेलिकॉप्टरं सुट्या भागांअभावी जमिनीवरच होती. हेलिकॉप्टर नाही म्हणजे जखमीला तासाभरात बाहेर काढता येत नाही. म्हणून गस्त तळापासून फार लांब जात नाही. म्हणून जंगलातला तळ तसाच राहतो. मोहिमेच्या मर्यादांची साखळी इथूनच सुरू होते.

रवांडाची गोष्ट वेगळी. करार थेट मापुतोशी, हुकूम रवांडाची राजधानी किगालीहून, तुकड्या एकाच सैन्याच्या, एकाच भाषेत बोलणाऱ्या. त्यांना पाल्मा आणि मोसिंबोआ हे दोन तालुके मिळाले, म्हणजे आफुंगी आणि त्याचं बंदर. एक फळी पाल्माहून खाली, दुसरी मुएदाकडून आवासे फाटा घेत पूर्वेला; ८ ऑगस्ट २०२१ ला मोझांबिकच्या सैन्यासह मोसिंबोआ परत घेतलं. महिन्याभरात ही कामगिरी झाल्याने सामिमची सतत तुलना होऊ लागली. ती पूर्ण न्याय्य नाही: बंडखोरांनी बंदर शेवटपर्यंत लढवलं नाही, ते दक्षिणेला जंगलात सरकले, आणि तो भाग सामिमच्या वाट्याचा होता.

रवांडाचा खर्च कोण करतो, हा प्रश्न कायम विचारला गेला. सुरुवातीला किगाली म्हणत होती, आमचा आम्ही. डिसेंबर २०२२ मध्ये युरोपीय संघाने शांतता निधीतून २ कोटी युरो दिले, नोव्हेंबर २०२४ मध्ये आणखी २ कोटी. दुसरा हप्ता मंजूर झाला तेव्हा पूर्व काँगोत रवांडाचं सैन्य एम-२३ बंडखोरांना मदत करत असल्याचे संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांचे अहवाल समोर होते, आणि मार्च २०२५ मध्ये याच युरोपीय संघाने त्यासाठी रवांडाच्या लष्करी अधिकाऱ्यांवर निर्बंध लादले. एका आघाडीवर पगार आणि दुसऱ्या आघाडीवर शिक्षा, दोन्ही एकाच सैन्याला. द्विपक्षीय फौज वेगाने येते, पण तिची किंमत भलत्याच ठिकाणी चुकवावी लागते ती अशी.

युरोपीय प्रशिक्षण मोहिमेचं नेतृत्व पोर्तुगालकडे होतं. ११ कंपन्या तयार करायच्या होत्या: ५ नौदलाच्या, मापुतोसमोरच्या काटेंबेत, ६ लष्कराच्या, शिमोइओत. दोन्ही ठिकाणं आघाडीपासून हजार किलोमीटरहून दूर, आणि प्रशिक्षकांना काबो डेल्गाडोत सैनिकांसोबत जायची परवानगी नव्हती. साहित्यासाठी एकूण ८ कोटी ९० लाख युरो, तेही फक्त मारक नसलेल्या वस्तूंसाठी: वाहनं, संरक्षक जाकीटं, नौका, फिरतं इस्पितळ. बंदुका नाहीत. खरेदीच्या नियमांमुळे हे साहित्य उशिरा पोचलं. पहिल्या काही कंपन्यांचं प्रशिक्षण आधीच उरकलं होतं. प्रशिक्षित सैनिक पुन्हा त्याच सैन्यात गेला, जिथे रेशन आणि पगार वेळेवर पोचत नाही. बंडखोरांच्या शस्त्रांचा मोठा भाग याच सैन्याच्या चौक्या लुटून मिळवलेला आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये मोहिमेचं रूप बदलून ती साहाय्य मोहीम झाली, भर देखभाल, रसद आणि प्रशिक्षण चक्रावर आला. तो पहिल्या दिवसापासून द्यायला हवा होता.

मेसालोची रेषा

ढोबळमानाने मेसालो नदीच्या उत्तरेचा किनारा रवांडाकडे, दक्षिण आणि पश्चिम सामिमकडे: माकोमिया, नांगादे, मुएदाचा भाग. फौजांमध्ये समन्वयाच्या बैठका होत होत्या. पण रवांडाचा पाठलाग नदीपाशी आला की पलीकडे त्याच क्षणी सापळा लावणारी तुकडी असायला हवी. तसं सामायिक हुकूमकेंद्र नव्हतं. सामिमचं कामकाज मुख्यतः इंग्रजीत, यजमान सैन्याचं पोर्तुगीजमध्ये, आणि माहिती देणारा गावकरी बोलणार किम्वानी किंवा माकुआ. रेडिओवरची बातमी तीन भाषांतून जाईपर्यंत शिळी होते.

बंडखोर दहा-वीसच्या टोळ्यांत फुटले. माकोमियाच्या काटुपा जंगलात तळ राहिले, रस्त्यांवर सुरुंग येऊ लागले. जून २०२२ मध्ये हल्ले आन्कुआबे आणि शिउरेपर्यंत खाली आले, सप्टेंबरात लुरिओ नदी ओलांडून नाम्पुला प्रांतात. उत्तरेत लोक परतत असताना दक्षिणेत नवे विस्थापित होत होते. २०२२ च्या मध्याला एकूण आकडा ९ लाखांच्या वर होता. रवांडाने डिसेंबर २०२२ मध्ये आन्कुआबेत तुकडी हलवली. हे धोक्याच्या मागे धावणं होतं.

मग सामिमची आवराआवर. डिसेंबर २०२३ मध्ये सादेकने काँगोतही फौज पाठवली, एकाच वर्गणीवर दोन मोहिमा आल्या, आणि १५ जुलै २०२४ ही सामिमची शेवटची तारीख ठरली. फौज काढून घेण्याच्या वेळापत्रकात एक पान हवं असतं: कोणत्या चौकीत, कोणत्या दिवशी, कोण, किती माणसांनिशी येणार, जुनी तुकडी नव्या तुकडीसोबत किमान काही आठवडे गस्त घालणार की नाही, बातमीदार कुणाकडे सोपवायचे. इथे तारीख आधी ठरली आणि बदली फौज नंतर शोधली. २०२४ च्या सुरुवातीला बंडखोर माकोमियाच्या किनाऱ्यावर मुकोजोत उघड वावरत होते, मच्छीमारांकडून रोख पैसे देऊन माल घेत होते. त्याच सुमारास शिउरेतून लाखभर लोक पळाले. १० मे २०२४ ला माकोमिया गावात ते शिरले आणि दिवसाहून अधिक काळ गाव त्यांच्या ताब्यात राहिलं. दुकानं, गोदामं, मदतसंस्थांची वाहनं लुटली. त्यानंतर रवांडाची वाढीव कुमक तिकडे गेली. टांझानियाचं पथक नांगादेत स्वतंत्र करारावर राहिलं.

रणांगणाबाहेरची बाजू

टांझानियाबरोबरचं सहकार्य खरं तर सगळ्यात मोलाचं ठरायला हवं होतं, कारण टांझानियातल्या किबिती भागात २०१७ च्या सुमारास कट्टर गटांवर झालेल्या कारवाईनंतर त्यांतले काही जण रोवुमा ओलांडून आले होते. नोव्हेंबर २०२० मध्ये दोन्ही देशांच्या पोलिसांचा करार झाला, कैदी सोपवायचं ठरलं. पण त्याच सीमेवरून टांझानियाने हजारो निर्वासितांना परत लोटलं आणि संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेला वारंवार आक्षेप घ्यावा लागला. पळून येणारा माणूसच सगळ्यात ताजी बातमी घेऊन येतो. त्याला परत पाठवलं की बातमीही परत जाते.

पैशाच्या वाटेवर जास्त चिकाटीने काम झालं. मार्च २०२१ मध्ये अमेरिकेने या गटाला दहशतवादी संघटना ठरवलं, मार्च २०२२ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून पैसा पुरवणाऱ्या चौघांवर निर्बंध आणले. ऑक्टोबर २०२२ मध्ये मोझांबिक आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये दक्षिण आफ्रिका आंतरराष्ट्रीय वित्तीय कृती दलाच्या करड्या यादीत, म्हणजे काळ्या पैशावरचा धाक ढिला म्हणून वाढीव देखरेखीखाली ठेवलेल्या देशांच्या यादीत, गेले. यादीतून सुटायचं तर संस्थांचे खरे मालक कोण याची नोंद, आर्थिक गुप्तवार्ता विभागात माणसं आणि दहशतवादी निधीचे प्रत्यक्ष खटले दाखवावे लागतात. दोन्ही देश ऑक्टोबर २०२५ मध्ये यादीबाहेर पडले. लहान रक्कम मोबाइल खात्यांतून आणि हातोहात फिरते, तिथे या सुधारणांचा हात अजून तोकडा आहे.

समुद्रावर भारताची मदत ठोस पण लहान: २०१९ मध्ये दोन वेगवान गस्ती नौका, डिसेंबर २०२१ मध्ये आयएनएस केसरीवरून आणखी दोन आणि ५०० टन धान्य. क्विरिंबास बेटांची रांग पाहता चार नौकांनी किनारा सांभाळला जात नाही, त्यातही इंधन आणि देखभाल यजमानाची. परिणामी सैन्याने सोपा मार्ग घेतला: मासेमारीवर निर्बंध. ज्या म्वानी तरुणाला बंडखोर पैसे देऊन बोलावतात, त्याचीच होडी बंद केली.

सुरक्षादलांच्या वागणुकीचा हिशेब कुणीच नीट ठेवला नाही. नांगादेत सामिमचे सैनिक प्रेतं आगीत टाकताना दिसणारी चित्रफीत जानेवारी २०२३ मध्ये बाहेर आली, सादेकने चौकशी जाहीर केली. २०२१ मध्ये मोझांबिकच्या सैनिकांनी आफुंगीच्या दारात गावकऱ्यांना कंटेनरमध्ये कोंडून मारल्याचे आरोप २०२४ मध्ये झाले. आपल्याला याची माहिती नव्हती, असं टोटलएनर्जीजचं म्हणणं. संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाने आठ आफ्रिकी देशांत (मोझांबिक त्यात नाही) केलेल्या २०२३ च्या अभ्यासात, एखाद्या विशिष्ट घटनेनंतर गटात सामील झालेल्यांपैकी ७१ टक्के जणांनी सरकारी दलांच्या अत्याचाराकडे बोट दाखवलं. माकोंदे माजी सैनिकांच्या स्थानिक दलाला डिसेंबर २०२२ मध्ये संसदेने कायदेशीर दर्जा दिला. ते जंगल ओळखतात, टिकून लढतात. पण किनाऱ्यावरच्या म्वानी माणसाला त्यांच्यात राज्य कमी आणि जुना प्रतिस्पर्धी जास्त दिसतो.

आत्ताचा नकाशा

नोव्हेंबर २०२५ मध्ये टोटलएनर्जीजने आपत्तीचं कलम उठवलं. वाढीव खर्चाचा दावा सुमारे ४.५ अब्ज डॉलरचा आहे. काम कुंपणाआड चालणार, माणसं आणि माल हवाई किंवा समुद्रमार्गे येणार, अशी रचना आहे. पाल्माच्या गावाशी पुन्हा तेच नातं. त्याच महिन्यात बंडखोरांच्या टोळ्या लुरिओ ओलांडून नाम्पुलाच्या मेंबा तालुक्यात शिरल्या आणि हजारो लोक शेजारच्या एराती तालुक्याकडे पळाले. रवांडाच्या फौजेचा मुख्य मुक्काम अजूनही काबो डेल्गाडोतच आहे. मेंबाच्या दक्षिणेला नाकाला बंदर लागतं. २०१६ च्या करारानंतर भारतात येऊ लागलेली मोझांबिकची तूर मुख्यतः तिथूनच जहाजात चढते.